कोमट

लोहकरेंनी अॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला नाही, आदळला.

“घ्या तुमचं लेकरू,” ते म्हणाले. “पुलगावच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात गेलं. ‘शुभमंगल’ भोंग्यातून झालं, अन् ‘सावधान’ भटजीले गळा फाडून म्हना लागलं. नवरदेवाचा मामा मले म्हनते, लोहकरे, तुमी मांडवच घाला, आवाज आमचा आमी करू.”

शेषराव नाखले एरवी अशा बोलण्यावर सगळ्यांच्या आधी हसत. त्या दिवशी त्यांनी नुसता पेचकस उचलला आणि मागचं झाकण खोलायला घेतलं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होतो. झाकण निघताच जळक्या वार्निशचा वास दुकानभर झाला.

“कोणता गेला?” मी विचारलं.

“दोघंही गेले.”

“दिवाळीपासून हा तिसरा,” लोहकरे म्हणाले. “शेषराव, तुमचा आवाज गोड हाय, मी नाई म्हनत नाई. पन भर मांडवात बंद पडनारा गोड आवाज घेऊन मी चाटू काय? आता एकडाव नीट करून द्या. पुन्हा गेला, तर मी नागपूरहून तयार माल आनतो. मंग वाईट वाटून घ्यायचं नाई.”

ते गेले. शेषराव जळालेले दोन ट्रान्झिस्टर तळहातावर घेऊन उजेडात बघत राहिले.

“डुप्लिकेट,” ते म्हणाले. “नंबर घासून नवा छापतात साले.”

मी तेव्हा वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत होतो. वय चाळिशीच्या पुढे, लग्न झालेलं नाही, बोलायची सवय नाही. लायब्ररीत इलेक्ट्रॉनिक्सची इंग्रजी मासिकं येत; ती माझ्याशिवाय कुणी उघडत नसे. त्यातली सर्किटं मी संध्याकाळी शेषरावांना मराठीत समजावून सांगायचो आणि ते ती बांधायचे. मला स्वतःला एक जोडही धड डाग लावून करता येत नव्हता. ते म्हणत, “कान तुमचा, हात माहा.” मंडपवाले, भजनी मंडळं, नाटकवाले, सगळे त्यांच्याकडून अॅम्प्लिफायर करून घेत. त्या दुकानात मला पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत असं वाटलं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता ट्रान्झिस्टरचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अॅम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात भोंग्याला प्रत्यक्ष ढकलणारे दोन ट्रान्झिस्टर असतात. धातूच्या टोप्या घातलेले, बाटलीच्या बुचाएवढे. आवाजाची लाट वर जाते तेव्हा एक काम करतो, खाली येते तेव्हा दुसरा. एकानं सोडायच्या आत दुसऱ्यानं धरलेलं असावं लागतं. नाहीतर मध्ये बारीकशी फट पडते. मोठ्या आवाजात ती कळत नाही. पण कुणी हळू बोललं, हळू गायलं, की आवाज त्या फटीत खरखरतो, जणू गाणाऱ्याच्या घशात राख गेली आहे. ती फट बुजवायची तर दोघांनाही रिकाम्या वेळी थोडा करंट पाजत ठेवावा लागतो. कमी पाजला तर खरखर राहते. जास्त पाजला तर आवाज लोण्यासारखा मऊ येतो, पण ट्रान्झिस्टर तापतात, तापले की आणखी करंट ओढतात, त्यानं आणखी तापतात, आणि शेवटी आपणच आपल्याला जाळून घेतात.

किती पाजायचा हे बघायला मीटर असतं. शेषराव ते लावत नसत. एका हातानं बारीक स्क्रू फिरवायचा, आणि उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचं बोट दोन टोप्यांवर ठेवून डोळे मिटून उभं राहायचं, ही त्यांची पद्धत.

“ही तीन बोटं कामकरी,” त्यांनी मला एकदा समजावलं होतं. “डाग लावून लावून यायची कातडी बैलाच्या खांद्यावानी झाली. ह्या दोघी घरच्या लाडक्या. कामाले हात लावत नाईत. म्हनून यायलेच खरं समजते.”

“पण किती गरम म्हणजे बरोबर?”

“कोमट. तान्ह्या लेकराच्या आंघोळीचं पानी असते न, तसं. लायब्ररीवाले, तुमी कधी लेकरू न्हाऊ घातलं नाई, तुमाले काय सांगू!”

त्या वर्षभरात त्यांच्या अॅम्प्लिफायरचा आवाज अधिकच गोड झाला होता. तानपुरा लावला की वाटायचं, कुणी तरी शेजारीच जुळवत बसलंय. मी ते बोललोही होतो. “तुमचा हात आता खरा बसला,” असं म्हणालो होतो, आणि ते लहान मुलासारखे खुलले होते.

ट्रान्झिस्टर डुप्लिकेट आहेत की नाहीत हे बघायला मी त्यांच्याकडचे दोन कोरे घेऊन गेलो. फिजिक्सच्या प्रयोगशाळेतल्या कुलकर्ण्यांनी तपासले. दोन्ही अस्सल निघाले. मी ते सांगितल्यावर शेषराव म्हणाले, “मंग तुमचं कॉलेजच डुप्लिकेट हाय.” पण त्यांचं लक्ष त्या विनोदात नव्हतं.

लोहकरेंच्या अॅम्प्लिफायरला नवी जोडी घालून झाली, त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. त्यांनी स्क्रू फिरवला, दोन बोटं टोप्यांवर ठेवली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे होते.

“आलं,” ते म्हणाले. “कोमट. लावा तुमचा कान.”

मी कान लावला. आवाज उत्तम होता. मग का कोण जाणे, मी पहिल्यांदाच त्या टोपीवर बोट ठेवलं, आणि चटका बसून झटक्यात मागे घेतलं.

शेषराव खदखदून हसले. “अहो, पुस्तकाचे हात तुमचे! पानं उलटून उलटून पानावानीच झाले.”

“फार गरम आहे, शेषराव.”

“तुमाले चहाही फुंकून फुंकून लागते.”

ते खरं होतं. मला चहा निववूनच लागतो.  आपलंच काही चुकत असेल असं मानायची मला जन्मापासून सवय आहे. घरी जाऊन मी चहाचा पेला हातात धरून पाहिला, तव्यावर बोट टेकवून पाहिलं, दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या शिपायाला, वानखेडेला, कपाला हात लावायला सांगून “तुला किती गरम वाटतं?” असं विचारलं. तो म्हणाला, “साहेब, बरं वाटत नाई का?”

नंतर एकदा शेषराव वायर सोलत होते, तेव्हा त्यांच्या करंगळीच्या पेरावर फोड दिसला. चांगला टपोरा, पाणी भरलेला.

“हे कधी भाजलं?”

“कायचं?” त्यांनी बोट वळवून पाहिलं. ते त्यांनाही नवीनच होतं. “अरे हो. लागलं असंन कुठं.”

ज्याला बोटावरचा फोड दुसऱ्यानं दाखवल्यावर कळतो, त्याच्या बोटाला ‘कोमट’ काय कळणार? हे मला तिथल्या तिथं सुचलं असं म्हणायला आवडेल, पण तसं झालं नाही. मला ते लायब्ररीत, भलतंच पुस्तक जागेवर लावताना सुचलं, आणि मी शिडीवरून खाली उतरून बसलो.

मग मी वैद्यकाच्या कपाटातलं एक जाड पुस्तक काढलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोघांची नस एकच. कोपराच्या मागून येते. स्पर्श जायच्या आधी थंड-गरम कळायचं जातं. आणि मग वेळेवर उपचार झाले नाहीत, तर ती दोन बोटं आत वळतात आणि वळलेलीच राहतात. पुढे कोणत्या रोगात असं होतं ते लिहिलं होतं. वर्ध्यात राहणाऱ्याला ते पुस्तकात वाचायची गरज नव्हती. आमच्याकडे त्याला ‘महारोग’ म्हणत. मी तो शब्द मनातसुद्धा पुरा उच्चारला नाही. मी पुस्तक मिटलं, परत उघडलं. मी डॉक्टर नव्हतो. एका फोडावरून आणि चटक्यावरून एखाद्याचं आयुष्य उलटंपालटं करायचा मला काय अधिकार? आणि माझं खरं निघालं तर? हात गेला तर शेषरावांचं काय उरणार होतं?

आठवडाभर मी दुकानाकडे फिरकलो नाही. नंतर एका दुपारी गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. लोहकरेंचा अॅम्प्लिफायर चालूच होता. जातो की टिकतो ते बघायला त्यांनी तो सकाळपासून लावून ठेवला होता.

“या लायब्ररीवाले! कुठं मेले होते? पाहा, सकाळपासून चालू हाय. हात लावा. कोमट.”

“तुम्ही लावा,” मी म्हणालो.

त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं टोप्यांवर ठेवली आणि माझ्याकडे बघून हसले. ‘झालं समाधान?’ असं विचारावं तसं.

“आता डावा लावा. त्याच दोन बोटांनी.”

“कायले?”

“लावा तरी.”

त्यांनी डावा हात पुढे केला. बोटं टेकली आणि ‘स्स’ करून त्यांनी हात मागे घेतला. मग हाताकडे बघितलं, टोप्यांकडे बघितलं. पुन्हा उजवा ठेवला. पुन्हा डावा; या वेळी जपून, आणि तरी चटका बसलाच. असं त्यांनी किती वेळा केलं मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी उजवा हात टोप्यांवर नुसता ठेवून दिला, आणि मला तो धरून उचलावा लागला.

“कोपराच्या वर एक चट्टा हाय,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. “फिक्कट. मी म्हनलं, घामानं असंन.”

“दवाखान्यात दाखवू. आता नवीन गोळ्या आल्यात म्हणतात. लवकर गेलं तर हात—”

“कोनाले बोलले तुमी हे?”

“कुणाला नाही.”

“बेबीले?”

“वहिनींशी मी एवढं कधी बोलतो?”

ते उठले आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मग खाली बसले ते जमिनीवरच.

“माह्या मावशीले होतं,” ते म्हणाले. “कोठ्यात ठेवलं होतं तिले, ढोरायच्या बाजूले. मी लहान होतो, ताट मीच नेऊन देत होतो. दारातून काठीनं आत सरकवत होतो. ती म्हने, शेषा, जवळ ये न रे थोडा. मी पळून जात होतो.” त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबला. “मी नाई जात दवाखान्यात. कोनी पाहिलं तर दुकानात कुत्रं येनार नाई. अन् बेबी लेकरायले घेऊन जाईन, तिचा भाऊ तिले ठेवनार नाई इथं.”

“नाही गेलात तर बोटं वाकतील.”

“तुमी पुस्तकात वाचलं.”

“हो. पुस्तकातच वाचलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं असेल असं मला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. “तुमी याल सोबत?” त्यांनी विचारलं.

तपासणी आठवड्यातून एकदा, सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला एका बैठ्या इमारतीत व्हायची. आम्ही समोरून न जाता रेल्वेच्या रुळांकडच्या गल्लीतून गेलो. शेषरावांनी कडक उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. फाटकापाशी पोचलो आणि समोरून बांबू लादलेला ट्रक आला. तो थांबला. आत लोहकरे होते.

“नाखले! इकडं काऊन बा?”

फाटकावर पाटी होती. ती वाचायला लोहकरेंना काही शिकायची गरज नव्हती. तिथं कोण जातं हे गावाला ठाऊक होतं. शेषरावांचा चेहरा मातीसारखा झाला. मला वाटलं, ते पळतील. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“यायले घेऊन आलो,” ते म्हणाले. “लायब्ररीवाल्याले. यायच्या हाताचं जरा... एकटा मानूस हाय, कोन आनन त्याले?”

लोहकरेंची नजर माझ्याकडे वळली, आणि मग खाली, माझ्या हातांकडे.  ‘नाही’ एवढाच शब्द म्हणायचा होता. तो माझ्या तोंडात होता. त्याऐवजी माझे हात आपोआप पाठीमागे गेले, चोरी पकडल्यासारखे. ते बघून लोहकरेंना जे कळायचं ते कळलं.

“बरं बरं,” ते म्हणाले. “चांगलं केलं, लवकर आनलं. बरं होते म्हनतात आजकाल.” आणि ट्रक निघून गेला. जाताना त्यांनी काच वर केली.

मी ते ठरवून केलं की मला बोलताच आलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ठरवून केलं असं म्हणावंसं वाटतं. पण मला माझा स्वभाव माहीत आहे.

“चांदूरकर,” शेषराव म्हणाले. त्यांनी मला नावानं हाक मारल्याची ही पहिलीच वेळ. “मले तोंडात दुसरं आलंच नाई.”

“आत चला,” मी म्हणालो.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण हात हलका होता. त्यांनी शेषरावांना डोळे मिटायला सांगितले आणि दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. “गरम की गार, सांगा.” चट्ट्यावर आणि त्या दोन बोटांवर नळी टेकली की शेषराव थांबत, ओठ हलवत, आणि चुकत. सगळ्यात वाईट हे की ते खात्रीनं चुकत होते. डॉक्टरांनी कोपरामागे अंगठा फिरवून मला नस दाखवली. कातडीखाली दोरी असावी तशी ती जाड झाली होती.

“वेळेवर आलात,” ते म्हणाले. “बोटं अजून सरळ आहेत. हा पसरणारा प्रकार नाही, घरच्यांना धोका नाही. पण गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. मधे सोडलंत, तर ही नस परत येणार नाही.” दर महिन्याला एक लाल कॅप्सूल त्यांच्यासमोर गिळायची होती, आणि रोजची गोळी घरी घ्यायची होती.

बाहेर आल्यावर शेषरावांनी गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली.

“घरात नाई ठेवता येत,” ते म्हणाले. “बेबी कपडे धुताना खिसे पाहाते. दुकानात कोनीही ड्रॉवर खोलते. तुमच्याकडे ठेवा. मी सकाळी लायब्ररीत येऊन घेत जाईन.”

तसं सुरू झालं. ते रोज सकाळी येत, वर्तमानपत्र बघितल्यासारखं करत, मी टेबलाखालच्या खणातून गोळी काढून देई, ते माठातलं पाणी पिऊन जात. दुकानात त्यांनी मीटर आणलं होतं. लोहकरेंचा अॅम्प्लिफायर आता तापत नव्हता आणि बंदही पडत नव्हता. आवाजाचा गोडवा थोडा कमी झाला होता, पण तो माझ्याशिवाय कुणाला कळला असेल असं वाटत नाही.

गावात मात्र तो रोग माझ्या नावावर लागला होता. आधी वानखेडेनं माझा चहा कान तुटलेल्या कपात आणायला सुरुवात केली. मग मुलं पुस्तकं माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून मागे सरकू लागली. कुलकर्णी प्रयोगशाळेच्या दारातूनच बोलत. प्राचार्यांनी बोलावून फार मायेनं सांगितलं, “चांदूरकर, हवी तेवढी रजा घ्या.” मी डॉक्टरांकडून दाखला आणू शकलो असतो. पण मला काही नाही हे सिद्ध झालं असतं, तर त्या दिवशी फाटकावर मग कुणासाठी आलो होतो, हा प्रश्न लोहकरेंनी दुसऱ्याच दिवशी केला असता. शेषराव यातलं सगळं बघत होते. एकदा गोळी घेताना त्यांनी त्या कान तुटलेल्या कपाकडे पाहिलं. “मी सांगतो कधीतरी लोकायले,” ते म्हणाले. “हे होऊ द्या एकडाव.” मी मान हलवली.

एका दुपारी बेबीवहिनी लायब्ररीत आल्या. त्या यापूर्वी तिथं कधी आल्या नव्हत्या. टेबलापासून लांब, वर्तमानपत्रांच्या स्टँडपाशी उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला.

“बसा ना वहिनी.”

“नाई भाऊजी. उभीच बरी.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. वाचणारं कुणी नव्हतं. “तुमी माह्या घरी किती डाव जेवले. मी तुमचं ताट कधी वेगळं केलं नाई. मले तुमचं वाईट वाटते, खरंच वाटते.”

“मला माहीत आहे.”

“ह्यायले सांगा, रोज सकाळी इथं येत जाऊ नका. मी सांगून थकली. ऐकतच नाई. म्हनते, एकटा मानूस हाय, त्याले टाकू कसा. दोस्ती हाय म्हनते.” त्यांनी पदर आणखी ओढला. “दोस्ती ठीक हाय, पन घरात दोन लेकरं हायेत. लहानीच्या तोंडात तेच हात जातात. तुमी सांगितलं तर ऐकतीन. नाई तर मी उद्या लेकरायले घेऊन हिंगणघाटले भावाकडे चालली. मी बॅग भरून ठेवली हाय.”

मी ‘सांगतो’ म्हणालो असतो तर त्या घरी परत गेल्या असत्या. शेषरावांची सकाळची गोळी बंद झाली असती, किंवा त्यांनी ती चोरून कुठं तरी ठेवली असती आणि पाच दिवसांत एकदा घेतली असती. ‘सांगत नाही’ म्हणालो असतो, तर त्या सकाळच्या गाडीनं गेल्या असत्या. आणि तिसरी गोष्ट सांगणं म्हणजे, ज्या माणसानं मला ‘कान तुमचा, हात माहा’ म्हटलं होतं, त्यानं फक्त माझ्यावर सोपवलेली गोष्ट उघड करणं. मी बराच वेळ टेबलाकडे बघत होतो. त्यांना वाटलं असावं, मी दुखावलोय.

“भाऊजी, राग नका मानू—”

मी खण ओढला, गोळ्यांची पुडी काढली आणि टेबलाच्या त्यांच्या बाजूच्या कडेला ठेवली.

“यातली एक रोज सकाळी,” मी म्हणालो. “जेवणानंतर दिली तरी चालेल. चुकवायची मात्र नाही.”

“मले कायले देता?”

“त्यांना द्यायची.”

त्यांना लगेच कळलं नाही. मग त्यांनी पुडीकडे पाहिलं, आणि मग माझ्या हातांकडे, आणि चेहऱ्यावरून सगळं हळूहळू उतरत गेलं.

“ह्यायले?”

“उजव्या हाताची दोन बोटं. डॉक्टर म्हणाले, पसरणारा प्रकार नाही. लेकरांना काही होणार नाही, तुम्हालाही नाही. बरं होणार आहे. गोळी सोडली नाही तर.”

“अन् तुमाले?”

“मला काही नाही.”

त्या पुढे आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. इतका वेळ जपलेलं अंतर त्यांच्या लक्षातही राहिलं नाही. रडतील असं मला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. “माह्यापासून लपवलं,” एवढंच म्हणाल्या. मग, “मी गेली असती म्हनून लपवलं.” आणि पुन्हा, “गेली असती मी. खरंच गेली असती.”

शेषराव त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या बायकोला सांगितलं हे त्यांना सहन झालं नाही, की मला सांगावं लागलं हे सहन झालं नाही, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. वहिनींनी महिनोन्‌महिने रोज सकाळी स्वतःच्या हातानं गोळी दिली, हिंगणघाटला गेल्या नाहीत, आणि शेषरावांची बोटं सरळ राहिली. रस्त्यात दिसलो तर ते दुकानाच्या आत जात. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी वहिनींनी पुडी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायची लाज वाटत होती, हे मला दिसत होतं. ती लाज मी ओळखतो.

“भाऊजी, लोक तर तुमचंच नाव घेतात.”

“हो.”

“दुकान त्यायच्या हातावर चालते. पोरगी मोठी होऊन रायली.” त्या दाराच्या चौकटीकडे बघत बोलत होत्या. “ते तसंच... राहू द्यान का?”

वानखेडे व्हरांड्यातून माझा चहा घेऊन येत होता.

“राहू द्या,” मी म्हणालो.